दुसरा वाटा

“वैजू, हयसर बघू नको. समुद्राकडे बघ,” वहिनी म्हणाली.

मी बघितलंच. सतरा वर्षांच्या मुलीला बघू नको म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? आम्ही दोघी सुरूच्या बनात जळणाला आलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. वहिनी एका बुंध्याला पाठ टेकून खाली बसली होती आणि तिच्या लुगड्याखालची वाळू काळपट लाल होत चालली होती. तिने ओठ मुडपून धरले होते. तोंडातून आवाज म्हणून काढला नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “गेला.”

कोयत्याच्या टोकाने आम्ही वाळू उकरली. मी उकरली म्हणायला हवं, तिच्या हातात त्राण नव्हतं. चौथा महिना होता. काय पुरलं ते मी सांगत बसणार नाही. पुरलं, वर सुरूची वाळकी पानं ओढली आणि ओहोटीच्या पाण्यात तिचं लुगडं खळबळून काढलं. या सगळ्यात मला रडू आलं नाही. भीतीच एवढी होती की रडायला जागा नव्हती.

“आयेक सांगूक व्हया,” मी म्हटलं.

“नको.” तिने माझं मनगट धरलं. “तुका शपथ आसा माझी. कोणाक सांगू नको. आणखी थोडे दिवस माका ह्या घरात रवांदे.”

“आणि मगे?”

“मगे काय ता बघूया.”

सुभद्रावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, हरीदादाची बायको. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि याआधी दोनदा असंच झालं होतं. दुसऱ्या खेपेनंतर आईने घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगून टाकलं होतं, की तिसऱ्यांदा हेच झालं तर आचऱ्याच्या मामाची कालिंदी घरात आणायची. सुभद्रेने राहायचं तर राहावं, नाहीतर माहेरी जावं. माहेरी होतं कोण? एक भाऊ, तोही मुंबईला. दोन बायका करू नयेत असा कायदा होता म्हणे, पण तो आमच्या वाडीपर्यंत पोचला नव्हता. दादा यावर अवाक्षर बोलला नाही. आमच्या घरात आईपुढे बोलायची पद्धतच नव्हती. बाबा तर तिला विचारून खोकायचे.

वाडीतल्या वाट्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची वाडी रापणीची. होडी समुद्रात अर्धं रिंगण घालून जाळं टाकून येते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि अख्खी वाडी मिळून ते ओढते. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा. पुरुषांचे वाटे होडीपाशी पडत, बायकांचे जरा वरच्या अंगाला. बायकांचे वाटे म्हाळसाकाकी घालायची. वाडीची सुईणही तीच. आम्ही रांगेने उभ्या राहायचो आणि ती ओंजळीने प्रत्येकीच्या पायापुढे वाळूवर ढीग घालत जायची. पोटुशी बाईपुढे ती दोन ढीग घाली. ते कुणी मागायचं नाही, कुणी तिला सांगायचं नाही. तिला कळलं की दुसरा ढीग पडायचा. अमकीला दिवस गेलेत असं आमच्याकडे तोंडाने बोलत नसत, दृष्ट लागते म्हणून. वाळूवर दोन ढीग दिसले की वाडीला कळायचं. आणि मूल गेलं तरी तसंच. पुढच्या रापणीला एकच ढीग पडायचा आणि त्यावर कुणी चकार शब्द काढायचं नाही.

वहिनीपुढे गणपतीपासून दोन वाटे पडत होते.

आई त्या दिवसांत रापणीला येत नव्हती. दसऱ्यापासून तिची कंबर धरली होती. दिवसभर ओटीवर बसून ती आम्हाला कामं सांगायची, म्हणजे कंबर सोडून तिचं बाकी सगळं नीट चाललं होतं. त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हाही ती तिथेच होती. वहिनी म्हणाली, खाडीच्या तोंडाशी पाय घसरला, लुगडं भिजलं. आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “न्हाणयेत ऊन पाणी आसा, आंगार घे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हाळसाकाकीकडे गेले. का गेले याचं उत्तर सोपं आहे. मला वाटलं, मी फार शहाणी आहे. परवा सकाळी रापण लागणार होती. काकी बाईच्या नुसत्या चालण्यावरून ओळखते असं सगळी वाडी म्हणायची, म्हणजे वहिनीला बघताच तिला कळणार. तिला आधीच गाठून पायावर डोकं ठेवलं तर ती काही निष्ठुर बाई नव्हती.

काकी अंगणात वाळत घातलेली पेडव्यांची मासळी उलटत होती. मी तिला सगळं सांगितलं. सुरूचं बन, वाळू, कालिंदी, सगळं.

“वयनीपुढे दोनच वाटे घाल काकी. महिनाभर. तवसर काय तरी वाट निघात.”

तिचा हात थांबला. “तुका कोणी धाडल्यान?”

“कोणी नाय.”

“तू हयसर इलंस ता सुभद्रेक म्हायत आसा?”

“नाय.”

“गाढव आसंस,” ती शांतपणे म्हणाली. “माका कित्याक सांगलंस? लोक म्हणतत म्हाळसाक चालण्यार कळता. डोंबल कळता! चार दिवस तरी माका काय कळाचा नव्हता. माका म्हायत नसता तर परवा दोन वाटे पडले असते. त्याच्या फुडच्या रापणीकय पडले असते. आता कसे घालू?”

“घातलंस तर कोणाक कळतला?”

“माका कळतला मा?” ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. “चाळीस वर्सां वाटे घालतंय. म्हायत आसून एक खोटो घातलंय, तर उद्या माझो खयचोच वाटो खरो नाय. जिच्या जिच्या पुढे आजपर्यंत दोन घातलंय, त्या सगळ्यांचो खोटो.”

मी पाया पडले, रडले. कालचं न आलेलं रडू तेव्हा आलं. तिने मला उठवून तांब्यातलं पाणी प्यायला दिलं.

“आता घराक जा. आणि आणखी कोणाचा भला करूक जाव नको,” तिने बजावलं.

वहिनीला मी काहीच सांगितलं नाही. एवढं मात्र म्हटलं, “वयनी, परवा रापणीक जाव नको. ताप इलो म्हणान सांग.”

ती भाकऱ्या थापत होती. “नाय गेलंय तर आये इचारतली. आणि म्हाळसाकाकीक इतक्यात काय कळाचा नाय. पोटार लुगडा घट्ट बांधतंय मी, चालतंयव नीट.” तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. “तू कित्याक भियेतस? तिका कोण सांगतला?”

मी विहिरीवर जाते म्हणून उठले. विहिरीवर काही काम नव्हतं.

रापणीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाट्या घेऊन निघालो तर आई ओटीवरून खाली उतरली. तिने काष्टा घातला होता आणि हातात पाटी होती.

“आये, तुझी कंबर?” वहिनी म्हणाली.

“बरी आसा. चला.”

मला वाटलं, आईला कुठून तरी वास लागलाय. एकच ढीग पडताना आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि तिथूनच आचऱ्याला निरोप पाठवायचा, यासाठीच ती आलीय. मी तेव्हा तिचा जेवढा द्वेष केला तेवढा त्याआधी किंवा नंतर कुणाचा केला नाही. स्वतःचाही केला, पण तो थोडा कमी पडला.

दोर ओढायला मी वहिनीच्या पुढे राहिले आणि जमेल तेवढा भार माझ्याकडे घेतला. आई आमच्या मागे होती. ती काही कमी ओढत नव्हती. “जानक्ये, कंबर सुटली मा?” कुणीतरी विचारलं. “सुटली,” आई म्हणाली. दोन तास गेले. जाळं उथळ पाण्यात आलं तेव्हा आत तारली होती, पोटं चमकवत उसळत होती, आणि पुरुषांनी आरडाओरडा केला. तारली म्हणजे तशी गरिबाची मासळी, पण त्या दिवशी ती भरपूर होती.

आम्ही बायका रांगेत उभ्या राहिलो, तीस-पस्तीस जणी. मी, माझ्या शेजारी वहिनी, तिच्या पलीकडे आई. म्हाळसाकाकी रांगेच्या टोकाकडून येत होती. दोन तरण्या सुना तिच्यामागून मासळीची पाटी ओढत होत्या. माझ्यापुढे ढीग पडला. काकीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग ती वहिनीपुढे वाकली, एक ढीग घातला आणि कंबर सरळ करून पुढे सरकली.

वहिनी खाली बघत उभी राहिली. दुसरा पडेल म्हणून ती थांबली होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

रांगेतल्या बायकांनीही पाहिलं होतं. शेजारची काशी नुसतीच आपल्या पाटीची कड चाचपायला लागली.

काकीने आईपुढे एक ढीग घातला आणि ती पुढच्या बाईकडे निघाली.

“म्हाळसाबाय,” आई म्हणाली, “नीट बघून घाल.”

काकी थांबली. आईने पदर खांद्यावरून काढला आणि कमरेभोवती घट्ट ओढून खोचला. महिनाभर ती पदर पुढून पसरून वावरत होती हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आई मूळची काटकुळी. त्यामुळे एकदा दिसल्यावर ते न दिसायला काही जागाच उरली नाही. पाचवा महिना असावा.

म्हाळसाकाकी तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग वाकून तिने आईपुढे दुसरा ढीग घातला.

आई त्रेचाळीस वर्षांची होती. मुलाच्या लग्नाला सात वर्षं झालेली, घरात लग्नाची मुलगी. वाडीने वर्षभर पुरवून पुरवून हसावं असं काहीतरी तिने आपण होऊन सगळ्यांसमोर उघडं केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आई खाली बसली. तिने दुसरा ढीग दोन्ही हातांनी कवेत घेतला, वाळूसकट, आणि वहिनीच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवला. सांडलेल्या तीन-चार तारल्यासुद्धा वेचून त्यावर टाकल्या.

“आता बरोबर झाला,” ती म्हणाली. “चल फुडे.”

काकी हलली नाही. वहिनीपुढे दोन ढीग होते, आईपुढे एक. काकीने ते बराच वेळ पाहिले. चाळीस वर्षांत तिने घातलेला वाटा कुणी हलवला नव्हता.

“सुभद्रे,” ती म्हणाली, “तुका ह्यो वाटो व्हयो?”

वहिनी आईकडे बघत होती. आई समुद्राकडे.

“व्हयो,” वहिनी म्हणाली.

म्हाळसाकाकीने रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. “कोणाची हरकत आसा? आसली तर आता सांगा. फुडे तोंड उघडूचा नाय, घोवाकडेय नाय.”

काशी म्हणाली, “काकी, उन वाढला. आमचे वाटे घाल,” आणि काकी पुढे सरकली.

घरी येताना वहिनी पुढे गेली होती. मी आईला विचारलं, “तुका कधी कळला?”

“दोघी जळणाक गेलात आणि एक काटकी हाडल्यात नाय. तेव्हाच.”

“आये, तू ह्या वयनीसाठी केलंस?”

आईने डोक्यावरची पाटी सावरली. “ह्या वयात पाळणो बांधून बसलंय तर वाडी माका जगांदेत? माझी लाज तिना घेतल्यान, तिची मी घेतलंय. त्यात कोणी कोणाक काय दिल्यान नाय.” थोडं चालून ती म्हणाली, “बापाशीक सांग, आचऱ्याक निरोप धाड म्हणान. कालिंदीक दुसरीकडे बघा म्हणाचा. आणि पाय उचल, तारली नासतली.”

वहिनी माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने मला विळी मागितली, आणि मग आम्ही बोलायला लागलो. त्या गोष्टीबद्दल मात्र कधीच नाही.

सातव्या महिन्यात वहिनीची ओटी भरली. पोटावर जुन्या लुगड्यांची घडी बांधून ती पाटावर बसली होती. रापणीच्या रांगेतल्या झाडून सगळ्या बायका आल्या आणि तांदूळ-नारळ घालून गेल्या. एकीचाही हात अडखळला नाही, एकीलाही हसू फुटलं नाही. काशीने तर “पोट खाली उतरला, चेडूच होतला” म्हणून अंदाजही सांगितला. संक्रांतीनंतर आई घराबाहेर पडली नाही. जानकीची कंबर परत धरली, असं बायकाच एकमेकींना आणि आपल्या नवऱ्यांना सांगायच्या. मला खोटं बोलायची पाळीच आली नाही. बाबांना आणि दादाला ठाऊक असणारच, पण आईपुढे बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हतीच.

चैत्रात मुलगी झाली. माजघराच्या आतल्या खोलीत, भर दुपारी. म्हाळसाकाकीने नाळ कापली, पोर पुसून फडक्यात गुंडाळली आणि विचारलं, “कोणाच्या मांडयेर घालू?”

आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. “जिची तिका दी,” ती म्हणाली.

तिचं नाव वनमाला ठेवलं. आज ती एकोणपन्नास वर्षांची आहे आणि मला आत्या म्हणते. आई गेली, बाबा आणि दादा गेले, म्हाळसाकाकी गेली, गेल्या पावसाळ्यात वहिनीही गेली. वहिनीच्या शेवटच्या दुखण्यात वनूने तिचं जेवढं केलं तेवढं पोटची मुलगीच करते असं लोक म्हणाले. त्या रांगेतल्या बायकांपैकी आता दोघी उरल्या आहेत. वनूला कुणी काही सांगितलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते दुधाचं. वहिनीला दूध कुठून येणार? म्हणून दिवसातून सहा-सात वेळा ती पोरीला घेऊन आईच्या खोलीत जायची आणि मी दाराशी बसायची. कुणी आलंच तर सांगायचं, आजी नातीला तेल लावतेय. आजी नातीला इतक्या वेळा तेल लावते याचं कुणाला नवल वाटलं नाही. आई बाहेर सगळ्यांसमोर वनूला कधी उचलून घेत नसे. पाळण्याशेजारून जायची तर सरळ पुढे निघून जायची. वहिनीला ते बघवायचं नाही. ती मुद्दाम म्हणायची, “आये, जरा घे गो हिका, माझे हात पिठाचे आसत.” आई म्हणायची, “वैजूकडे दी.”

असे सात महिने गेले. दिवाळी झाली आणि एका सकाळी वहिनी नेहमीसारखी वनूला घेऊन आत गेली. मी दाराशी लसूण सोलत होते. आत वनू हसली. आता वहिनी दारातून आत शिरली की ती खांद्यावरूनच आईकडे झेपावायची. मग आईचा आवाज आला.

“सुभद्रे, उद्यापासून हिका माझ्याकडे हाडू नको.”

“कित्याक? माझा काय चुकला?”

“तुझा काय चुकला नाय. ती माका वळखूक लागली.”

वहिनी बाहेर आली. तिने वनूला छातीशी घट्ट धरलं होतं. आई तिच्यामागून आली, पाटी घेतली आणि रापणीला गेली.

वनू चार दिवस रडली. पेजेची निवळ घेईना, गाईचं दूध थुंकून टाकी, त्या बंद दाराकडे बघून हात पसरी. वहिनी तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारायची आणि स्वतःही रडायची. पाचव्या दिवशी वनूने वहिनीच्या हातून वाटीभर दूध घेतलं आणि तिच्याच मांडीवर तिची मान लवंडली.

ते चारही दिवस आई सगळ्यांच्या आधी दोरावर जात होती आणि सगळ्यांच्या शेवटी घरी येत होती. मी तिच्या शेजारी दोर ओढायची. तिची चोळी समोरून ओली होऊन अंगाला चिकटलेली असायची. पहिल्या दिवशी काशीने ते पाहिलं. तिने दोर सोडला, समुद्रातून ओंजळभर पाणी आणून आईच्या अंगावर उडवलं, आपल्याही अंगावर उडवलं आणि म्हणाली, “आज लाटांचा पाणी बरांच उडता गो.” दुसऱ्या दिवशी दोरावरच्या सगळ्या बायका ओल्या होत्या.